कामाचा पृष्ठभाग वाचावा कसा?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात तरुण कारागिरांपुढे केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने यंदा मला पाच अक्षांच्या सी.एन.सी. यंत्रावरील कामाच्या सफाईविषयी चार शब्द बोलावयास सांगितले आहे. जन्मभर फळ्यावर त्रैराशिक शिकविणाऱ्या मॅट्रिक मास्तराचा या विषयाशी संबंध काय, अशी शंका आपणांपैकी काहींना आली असेल, आणि ती रास्तच आहे. हे यंत्र मी कधी चालविलेले नाही. परंतु भोसरी, चाकण, शिरोली येथील कारखान्यांत आपली जी मुले काम करतात, त्यांतील पुष्कळ माझे विद्यार्थी होत. मी निवृत्त झाल्यापासून ती रविवारी आकडेमोड समजून घेण्यास येतात, आणि तपासनिसाने नाकारलेले जॉबही पिशवीतून दाखवावयास आणतात. त्या जॉबांवरील खुणांचा हिशेब मांडता मांडता जे ध्यानात आले, तेवढेच मी आज सांगणार आहे.

प्रथम ज्या मातांना व भगिनींना हे यंत्र ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडेसे. आकड्यांच्या आज्ञेने चालणारे कटाई-यंत्र अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेने १९५२ साली प्रथम लोकांस दाखविले. ते तीन दिशांनी चाले: डावी-उजवीकडे, पुढे-मागे आणि वर-खाली. पाच अक्षांच्या यंत्रात या तिहींच्या जोडीला आणखी दोन फिरत्या हालचाली असतात. टेबल कलते व फिरते, किंवा कटर धरणारे डोकेच कलते. त्यामुळे टर्बाइनचे पाते, मोडलेल्या सांध्याच्या जागी बसविण्याचा कृत्रिम भाग, प्लॅस्टिकच्या वस्तूंचा साचा असे वळणावळणाचे काम एकाच बांधणीत पुरे होते. पण हालचाली जितक्या अधिक, तितक्या दोष शिरण्याच्या वाटाही अधिक.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. जॉब उतरला, त्यावर रेघा दिसल्या, की आपली मुले काय करतात? एमरी पेपर घेतात आणि घासतात. रेघ जाते, जॉब चमकतो, आणि तो पुढे ढकलला जातो. मित्रांनो, ही सवय घातक आहे. हाताने घासताना धातू सर्वत्र सारखा निघत नाही. जेथे माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचे आहे, तेथे आकारच बिघडतो. जे पाते मिनिटाला हजारो फेरे फिरते, त्यावर राहिलेला एखादा आडवा ओरखडा पुढे भेगेचे मूळ होऊ शकतो. आणि सर्वांत मोठी हानी ही की, यंत्राने लिहून ठेवलेली तक्रार आपण न वाचताच पुसून टाकतो. दुसऱ्या जॉबवर ती पुन्हा उमटते.

आपल्या वाडवडिलांनी रंधा मारताना फळी खरवडून निघाली, तर ती घासत बसण्यापूर्वी उजेडाकडे तिरपी धरून पाहिली. रेषा कोणत्या दिशेने धावतात हे पाहिले आणि रंध्याची दिशा बदलली. तीच रीत येथे चालते. जॉब तिरप्या उजेडात धरावा आणि तीन प्रश्न विचारावेत: खूण कोठे आहे? ती किती अंतराने पुन्हा येते? आणि दुसऱ्या जॉबवर ती त्याच जागी येते काय?

अंतराचा प्रश्न गणिताचा आहे. समजा, कटर मिनिटाला १०,००० फेरे फिरतो, त्याला ४ दात आहेत आणि फीड मिनिटाला ४,००० मिलिमीटर आहे. म्हणजे एका फेऱ्यास ०.४ आणि एका दातास ०.१ मिलिमीटर. खुणा जर ०.४ मिलिमीटरवर ठळक दिसत असतील, तर एकच दात इतरांपेक्षा पुढे आलेला आहे. टूल मध्यावर फिरत नाही. कॉलेट आणि स्पिंडलचा टेपर स्वच्छ पुसावा, टूल पुन्हा बसवावे आणि डायल लावून पाहावे. या दोन्ही अंतरांशी न जुळणाऱ्या लहरी असतील आणि काम चालताना यंत्र किंचाळत असेल, तर तो चॅटर, म्हणजे कंप होय. अशा वेळी पुष्कळजण फीड कमी करतात. पण ते अती कमी केले तर धार कापावयाचे सोडून घासू लागते. त्याऐवजी टूलची बाहेर आलेली लांबी कमी करावी. टूल ५० ऐवजी ४० मिलिमीटर बाहेर ठेवले, तर त्याचे वाकणे जवळजवळ निम्म्यावर येते, कारण ते लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. टूल कलवून आखूड टूलने खोल जागी पोहोचता येणे, हा तर पाच अक्षांचा मोठाच लाभ आहे. त्यानंतर स्पिंडलचे फेरे थोडे वर किंवा खाली करून पाहावेत. फेरे वाढविल्यानेही कंप थांबतो, असा अनुभव अनेकदा येतो.

गोल टोकाच्या, म्हणजे बॉल-नोज टूलचे गणित निराळे आहे. शेजारशेजारच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये जी बारीक कड उरते, तिची उंची काढण्यासाठी फेऱ्यांतील अंतराचा वर्ग करावा आणि त्याला त्रिज्येच्या आठपटीने भागावे. १० मिलिमीटर व्यासाच्या टूलने ०.४ मिलिमीटर अंतर ठेवले, तर कड ४ मायक्रॉन उरते. अंतर निम्मे केले तर ती १ मायक्रॉन, म्हणजे चौथाई होते. वेळ मात्र दुप्पट लागतो, हे मालकास आधी सांगावे. दुसरे असे की, या टूलच्या अगदी टोकाशी वेग शून्य असतो. तेथे धातू कापला न जाता फाटतो व पृष्ठभाग मळकट दिसतो. टूल १५ अंश कलविले की स्पर्श टोकापासून दूर जातो, आणि १०,००० फेऱ्यांना त्या जागी मिनिटाला सुमारे ८० मीटर वेग मिळतो.

आता तिसरा प्रश्न. प्रत्येक जॉबवर खूण त्याच जागी येत असेल, तर संशय प्रथम प्रोग्रॅमवर आणि अक्षांच्या हालचालीवर घ्यावा. वक्र पृष्ठभागावर हिऱ्यासारखे पैलू दिसले, तर प्रोग्रॅममधील बिंदू विरळ आहेत किंवा टॉलरन्स सैल आहे. टूल क्षणभर थबकल्याची खूण दिसली, तर बिंदू वाजवीपेक्षा दाट असल्याने यंत्राचा वेग अडखळत असण्याचा संभव आहे. टूल टेबलाशी जवळजवळ उभे होते, त्याच जागी डाग पडला, तर तेथे फिरता अक्ष एकाएकी पुष्कळ फिरतो आणि जॉबवरील फीड मंदावते; जॉब थोडा तिरपा बांधून किंवा टूलला आरंभापासून कल देऊन ती जागा टाळावी. दोन निरनिराळ्या कलांनी कापलेले भाग जेथे मिळतात, तेथे पायरी आली, तर फिरत्या अक्षाचे केंद्र यंत्रास जेथे वाटते तेथे ते नाही, असे समजावे. गोळा व प्रोब लावून ते पुन्हा मोजावे. ही पायरी सकाळी नसून दुपारी येत असेल, तर कारण उष्णता होय. पोलाद दर मीटरला, दर अंशाला सुमारे १२ मायक्रॉन वाढते. अर्धा मीटर लांबीचा भाग ५ अंशांनी तापला की ३० मायक्रॉनचा फरक पडला! म्हणून अखेरचा हात देण्यापूर्वी यंत्र गरम करून स्थिर होऊ द्यावे.

याउलट, खुणा जागा बदलत असतील, तर टूलची धार, धारेला चिकटलेले ॲल्युमिनियम, कुलंटची दिशा आणि टूलखाली पुन्हा पुन्हा सापडणारा धातूचा कीस यांच्याकडे पाहावे.

हे सर्व करताना एक नियम मोडू नये. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि ती वहीत लिहावी. टूल, फेरे आणि फीड तिन्ही एकदम बदलून जॉब सुधारला, तर रोग बरा झाला खरा. पण औषध कोणते लागू पडले हे कोणासच कळत नाही, आणि रात्रपाळीचा मुलगा पुन्हा तेथूनच आरंभ करतो.

शेवटी आपल्या ज्ञातीतील कारखानदार बंधूंना एक विनंती. माझ्याकडे येणारी मुले जॉब का घासतात, हे मी त्यांना विचारले आहे. "मास्तर, खूण दाखविली तर पगारातून कापतात, घासली तर कोणी विचारीत नाही," असे उत्तर मला एकाहून अधिक वेळा मिळाले. त्या कारखान्यांची नावे घेण्याचे कारण नाही. परंतु जेथे खूण दाखविणाऱ्यास दंड होतो, तेथे खूण लपविण्याचे शिक्षण आपणच देतो. ते पाते पुढे कोठे फिरेल आणि तो सांधा कोणाच्या शरीरात बसेल, हे आपणांस माहीत नसते. तेव्हा जो मुलगा बिघडलेला जॉब न घासता वहीसह आपल्यापुढे ठेवील, त्याच्या पाठीवर हात ठेवा. त्या एका जॉबचे नुकसान सोसा. त्याच्या वहीतील एक ओळ पुढचे शंभर जॉब वाचवील.