तीन सिलिंडर

व्यासपीठावरील माझे गुरुजन आणि समोर बसलेल्या १९८६ च्या दहावीच्या वर्गमित्र-मैत्रिणींनो,

संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि 'तुझ्या धंद्यातलं काहीतरी सांग' म्हटलंय. माझा धंदा गॅरेजचा. तीस वर्षांत सगळ्यात जास्त वेळा जे इंजिन खोललं, त्याच्याबद्दलच बोलतो.

ते इंजिन म्हणजे मारुती ८०० चं. सुझुकी कंपनीत त्याचं नाव 'एफ ८ बी'. क्षमता ७९६ सीसी, बोअर ६८.५ मिलिमीटर, स्ट्रोक ७२ मिलिमीटर, सिलिंडर तीन. सुझुकीशी करार १९८२ चा आणि पहिली गाडी गिऱ्हाइकाच्या हातात पडली १४ डिसेंबर १९८३ ला. आपण तेव्हा आठवीत होतो. तुमच्यातल्या बहुतेकांची पहिली गाडी हीच होती, आणि बॉनेट उघडलं की प्रश्नही एकच असायचा : "तीनच? चौथं कुठं गेलं?"

चौथं कुठेही गेलेलं नाही. ते मुळात मोजूनच वगळलं होतं. हा हिशोब जपानमधला आहे.

जपानमध्ये गाड्यांचा एक कायदेशीर वर्ग आहे, त्याला 'केइ' म्हणतात. त्या शब्दाचा अर्थ 'हलकं'. युद्धानंतर लोकांकडे पैसा नव्हता आणि रस्ते अरुंद होते. सरकारने रेघ ओढून दिली : इंजिन इतकं, लांबी-रुंदी इतकी, त्याच्या आत राहिलात तर कर कमी. पन्नासच्या दशकात ही रेघ ३६० सीसीवर होती, १९७६ मध्ये ५५० झाली, १९९० मध्ये ६६०. आज या गाडीची लांबी ३.४ मीटर आणि रुंदी १.४८ मीटर यापुढे जाऊ शकत नाही. शहरात गाडी घ्यायची तर ती उभी करायला जागा आहे असा दाखला लागतो. खेड्यापाड्यांत बऱ्याच ठिकाणी केइ गाडीला तोही माफ आहे.

१९७९ मध्ये सुझुकीने 'अल्टो' आणली, किंमत ४ लाख ७० हजार येन. यातली हुशारी बघा. गाडी घरच्या वापराची, पण नोंद मालवाहू म्हणून, कारण त्या नोंदीवर प्रवासी गाडीचा कर लागत नव्हता. ओसामू सुझुकी आदल्याच वर्षी कंपनीचे अध्यक्ष झाले होते. पै-पै मोजणारा माणूस. आपल्या बाजारपेठेतले जुने व्यापारी आठवले ना? तसाच. जपानी गाडीत हे चार-स्ट्रोक इंजिन ५४३ सीसीचं होतं. आपलं ७९६ त्याच घराण्यातलं, बोअर आणि स्ट्रोक वाढवलेलं.

आता तीनच का, ते. सर, इथे चुकलो तर मागच्यासारखं उभं करा.

६६० सीसीचे चार भाग केले तर एकेका सिलिंडरला १६५ येतात, तीन केले तर २२०. भांडं जितकं लहान तितका आतल्या मालाच्या मानाने पत्रा जास्त. कटिंग चहा मोठ्या कपापेक्षा लवकर निवतो, तसंच. जळलेल्या पेट्रोलची उष्णता ढकलायच्या कामी येण्याऐवजी भिंतीत जाते. शिवाय चार सिलिंडरला पिस्टन रिंगा बारा, तिनाला नऊ. क्रँकचे मुख्य बेअरिंग पाच, इथे चार. घर्षण तेवढं कमी, आणि इंजिन आखूड झाल्यामुळे आडवं बसवून माणसांना जागा मिळते. जपानमध्ये चार सिलिंडरची केइ इंजिनंही निघाली. सुबारूने कित्येक वर्षं केली. मित्सुबिशीने तर ६६० सीसीत सिलिंडरमागे पाच व्हॉल्व्ह, म्हणजे एकूण वीस बसवले! कारागिरी म्हणून मी हात जोडतो, पण टिकली तिनाचीच.

मात्र तिनाला किंमतही मोजावी लागते. क्रँकच्या दोन फेऱ्या म्हणजे ७२० अंश, म्हणून दर २४० अंशांनी एक पॉवर स्ट्रोक येतो. पण एक स्ट्रोक पुरतो फार तर १८० अंश. मधले ६० अंश कुणीच ढकलत नसतं, तेवढा वेळ फ्लायव्हील गाडा ओढतं. गाडी जागेवर उभी असताना जी धडधड जाणवते ती याचीच. तिघांची वर-खाली ओढ एकमेकांची फिटते खरी, पण तिघे एका ओळीत उभे असल्यामुळे इंजिनाची दोन टोकं सी-सॉसारखी डुलतात. हे डुलणं पोटात घ्यायला रबरी माउंटिंग असतात. एका गिऱ्हाइकाला कुणीतरी सांगितलं होतं की गिअरचा दांडा हलतो म्हणजे इंजिन बांधायला लागणार. बिचारे पैसे जुळवून आले होते. फक्त माउंटिंगचं रबर गेलं होतं. बदललं आणि दुपारी गाडी घेऊन गेले.

असं होतं, कारण पार्ट बदलता येतो पण आत काय चाललंय ते डोळ्यांसमोर नसतं. माझ्याकडे कामाला येणारी पोरं हुशार आहेत, मोबाइलवर सगळं शोधतात. चार स्ट्रोक तोंडपाठ म्हणून दाखवतात. पण पुस्तकातल्या चित्रात सिलिंडर एकच असतो. तीन मिळून कसे चालतात, एक दमला की दुसरा कधी येतो, हे त्यांनी पाहिलेलंच नाही.

आणि वेळ फार उरलेला नाही. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, उरलेल्या गाड्या भंगारात चालल्यात. जपानमध्ये निसानने २०२२ मध्ये 'साकुरा' ही विजेवरची केइ गाडी आणली. लांबी-रुंदी त्याच मापात, ताकदही केइ कंपन्यांनी आपापसात ठरवलेली ६४ अश्वशक्तीच, पण सिलिंडर शून्य. मला त्याचं वाईट वाटत नाही, गाडी चांगलीच आहे. फक्त हे इंजिन आहे तोवर मुलांनी ते पाहावं असं वाटतं.

म्हणून भंगारातून एक एफ ८ बी वजनावर घेतलं, तिन्ही सिलिंडर बाजूने कापले, आणि मुख्याध्यापकांच्या परवानगीने काल प्रयोगशाळेत ठेवलं. आपल्या समितीतले काहीजण त्याला काचेची पेटी करायची म्हणतायत, वर्गणीही निघाली आहे. माझी विनंती आहे, पेटी करू नका. पुलीच्या बाजूला मी हँडल बसवलंय. मुलांनी ते फिरवावं, हात काळे करावेत. कापलेल्या कडा घासून बोथट केल्यात, कुणाला लागणार नाही. वर्गणीचे पैसे उरतील त्यात एक भक्कम टेबल घ्या, सध्याचं डुगडुगतंय. खाली तेलाची कुपी ठेवली आहे. महिन्यातून एकदा प्रत्येक सिलिंडरमध्ये चार थेंब टाकायचे, एवढंच.