काळूचं पाणी आणि ग्रामसभा

मंडळी, आज आम्ही काळू नदीच्या धरणाची गोष्ट सांगणार आहोत. गोष्ट मुरबाड तालुक्यातली. पण आधी शेजारच्या शहापूरकडे पाहू.

शहापूर तालुक्यात तानसा धरण आहे. ते 1892 साली पुरं झालं. पुढे भातसा धरण झालं. मुंबई जे पाणी पिते, त्यातलं जवळजवळ निम्मं भातसाचं. आणि त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. बाईच्या डोक्यावरचा हंडा काही उतरत नाही.

मग मुरबाडात काळू नदीवर धरण ठरलं. पाणी शहरांना, बुडणार शेतं, घरं आणि जंगल. वनखात्याची रीतसर परवानगी नसताना काम सुरू झालं. लोक उठले. ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले. श्रमिक मुक्ती संघटना उच्च न्यायालयात गेली. 2012 साली न्यायालयाने काम थांबवलं. धरणाचा बेत मात्र मिटलेला नाही.

आता एकीचं बोलू. बोलायला सोपी, करायला अवघड. आपल्याकडे कुणबी आहेत, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी आहेत. ज्याच्या नावे सात-बारा, त्याला मोबदला मिळेल, थोडा का होईना. कातकऱ्याच्या नावे बहुधा काहीच नसतं. रानातला लाकूडफाटा, कंदमुळं, नदीचे मासे, यांवर त्याचा संसार. ते बुडालं तर त्याचा हिशेब कोण मांडणार? गाव फुटतं ते इथेच.

म्हणून ज्याला सात-बारा नाही, त्याचा वनहक्काचा दावा आधी लिहा. 2006 सालच्या वनहक्क कायद्याने तो हक्क दिला आहे. या कामाच्या ग्रामसभेला निदान निम्मे सभासद हजर हवेत, आणि हजर असलेल्या दर तिघांत एक तरी बाई हवी.

आणखी एक. कातकरी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातो, पावसाच्या तोंडावर परततो. चैत्रात सभा भरवून ठराव केला, तर तो कोणाचा ठराव? आमचं म्हणणं, लावणी उरकली की सभा घ्या. तेव्हा सगळे घरी असतात.

ठराव सभेतच मोठ्याने वाचा. कोऱ्या कागदावर सही नको, अंगठाही नको. तुम्हाला आता वाचता येतं. शेजारणीला येत नसेल, तर तिला वाचून दाखवा. मग ठरावाची नक्कल मागून घ्या आणि पाड्यावर जपून ठेवा.