विद्यार्थ्यांच्या हाती कार्य सोपवा
(सोलापूर येथील वार्षिक संमेलनातील भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांना आपण दरवर्षी पारितोषिके देतो, हे उचितच आहे. परंतु समारंभाची सारी कामे आम्ही वडीलधारीच करतो आणि मुले केवळ टाळ्या वाजवितात. मग त्यांच्या अंगी नेतृत्व यावे कोठून?

आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण पाहावे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार लाभला. या अवर्षणग्रस्त भागात त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी गावाचे पर्यावरण हाच अभ्यासविषय केला आणि दहा वर्षांत हिरवे क्षेत्र २५ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर गेले. पुरस्काराच्या दहा लाख डॉलरांपैकी निम्मी रक्कम गुरुजींनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांस वाटून दिली. नेतृत्वाचा याहून चांगला धडा कोणता?

आमची नम्र सूचना अशी. आपल्या पेठांतील घरोघरी पाणी किती साठविले जाते व किती वाया जाते, याची नोंद आपल्या विद्यार्थ्यांनी करावी. कामाची वाटणी त्यांनीच ठरवावी. चुका होतील, त्या त्यांनाच सुधारू द्याव्यात. पुढील संमेलनात याच व्यासपीठावरून त्यांनी आपले निष्कर्ष मांडावेत. त्या दिवशी टाळ्या आम्ही वाजवू.