रविवारची मराठी

‘तुम्ही मुसलमान, मग मराठीत कविता कशी?’ असं अजूनही कुणी विचारतं. उत्तरादाखल मला लहानपणीचे रविवार आठवतात.

आमचं घर मिरजेत. अब्बा सतार, तंबोरे बनवत. घरात बोली दखनी, शाळेत मराठी. रविवारी सकाळी पंढरपूरकडून आलेले भोपळे अब्बा अंगणात मांडत, बोटानं वाजवून एकेकाची जात ओळखत. अम्मी रात्रीचं सालन गरम करी, तव्यावर रोट्या टाकी. आणि मी वर्तमानपत्राची पुरवणी मोठ्यानं वाचायची. अम्मीला मराठी वाचता येत नव्हतं, ऐकायची मात्र भारी हौस. अडलेला शब्द मी दखनीत सांगे. एकदा ‘हुरहुर’ आला. काही केल्या दखनी शब्द सापडेना. अम्मी म्हणाली, “रहने दे बेटा, समज्या मेरेकू.” माझी मोठी बहीण नुकतीच सासरी गेली होती.

१९८८ साली ‘महाभारत’ सुरू झालं. रविवारी शेजारच्या काकूंकडे आम्ही सगळे जमत असू. संवाद राही मासूम रझांचे. ते नाव पडद्यावर आलं, की काकूच अब्बांना हाक मारून दाखवत.

मराठी मला पुस्तकांनी दिली, हे खरं. पण ती घरातली झाली अम्मीला समजावून सांगताना. तुमच्याही घरी कुणाला वाचता येत नसेल, डोळे साथ देत नसतील, तर रविवारी मुलांना त्यांच्याजवळ बसवा. मोठ्यानं वाचू द्या.