दुःख कोणाचें, दोष कोणाचा?



खेद व्यक्त करणारीं जीं इंग्रजी क्रियाविशेषणें आहेत, त्यांपैकीं चार आज आपल्यापुढें ठेवावयाचीं आहेत : सॅडली, रिग्रेटफुली, रिग्रेटेब्ली आणि अन्फॉर्च्युनेटली. महाराष्ट्रांत २००० सालापासून इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून शिकविलें जातें. त्यामुळें आमच्या हिंगोली जिल्ह्यांतील कळमनुरी-सेनगांवकडील खेड्यांतल्या मुलांच्या वह्यांतही हे शब्द आढळतात. त्यांचा अर्थ कोशांत मिळतो. परंतु ते वाक्यांत कोठें ठेवावे व केव्हां ठेवूं नयेत, हें कोश पाहून कळत नाहीं.

प्रथम स्थानाचा विचार करूं. सॅडली हा शब्द क्रियापदानंतर आला, तर तो कर्त्याच्या मनाची स्थिति सांगतो. 'तो जड अंतःकरणानें गांव सोडून गेला,' असा अर्थ होतो. तोच शब्द वाक्याच्या आरंभीं ठेवून पुढें स्वल्पविराम दिला, तर अर्थ होतो, 'वाईट हें कीं, तो गांव सोडून गेला.' येथें जाणारा कदाचित् हंसत गेला असेल; वाईट वाटलें तें सांगणाराला! एवढ्याशा स्वल्पविरामानें दुःखाचा धनी बदलतो.

रिग्रेटफुली व रिग्रेटेब्ली हीं तर जुळीं भावंडें; भल्याभल्यांचीही यांत गल्लत होते. पहिला शब्द खेद वाटणाऱ्या माणसाविषयीं आहे, दुसरा खेद वाटण्याजोग्या घटनेविषयीं. 'अध्यक्षांनीं मोठ्या खेदानें राजीनामा दिला,' येथें पहिला योजावा. 'अध्यक्षांनीं राजीनामा दिला ही खेदाची गोष्ट होय,' येथें दुसरा.

आतां आपल्या मराठीकडे वळूं. आपल्या व्याकरणांत 'अरेरे', 'हाय हाय' हीं शोकदर्शक केवलप्रयोगी अव्ययें आहेत. तीं वाक्याच्या दाराशींच उभीं राहतात, आंत येत नाहींत. एरवीं मराठी माणूस 'मला वाईट वाटतें', 'आम्हांस दुःख होतें' असें म्हणतो. दुःख ज्याला होतें त्याची चतुर्थी वाक्यांत येते. हिंगोलीचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. तेव्हांपासून 'अफसोस' हा शब्दही आमच्या कानांवरचा आहे. पण अफसोस करावयाचा म्हटला तरी तो करणारा कोणीतरी लागतोच. ज्ञानेश्वरांच्या समाधीचे जे अभंग नामदेवांच्या नांवावर आहेत, त्यांतही निवृत्तिनाथांची व संतमंडळीची व्याकुळता आहे. तो शोक कोणाचा, असें विचारावें लागत नाहीं. आणि परंपरेनुसार नामदेव तर आमच्याच जिल्ह्यांतील नर्सीचे!

म्हणून सॅडलीचें भाषांतर 'दुःखदपणें' असें करूं नये. तें मराठी कानाला खुपतें. 'वाईट असें कीं' किंवा 'खेदाची गोष्ट ही कीं' असें सरळ लिहावें.

राहिला अन्फॉर्च्युनेटली. रोमन लोकांची भाग्यदेवता फॉर्चुना, तिचें नांव या शब्दाच्या पोटांत आहे. आपण त्याला 'दुर्दैवानें' हा प्रतिशब्द योजतों आणि तो योग्यही आहे. परंतु या शब्दाची विभक्ति पाहा. ती तृतीया आहे. 'रामानें बाण मारला' यांत राम जसा कर्ता, तसें 'दुर्दैवानें घात केला' यांत दुर्दैव कर्तें होतें. नुसतें 'दुर्दैवानें' म्हटलें तरी तो कर्तेपणा मनांत डोकावतोच, आणि खरा कर्ता पडद्याआड जातो.

वसमतकडील हळदीचें उदाहरण घ्या. शेतकऱ्यानें हळद शिजवून वाळत घातली आणि अवकाळी पावसानें ती भिजली. 'दुर्दैवानें पाऊस आला,' हें यथार्थ आहे; पाऊस कोणाच्या हातचा नाहीं. परंतु आभाळ सकाळपासून भरून आलेलें, ताडपत्री घरांत घडी घालून ठेवलेली, आणि माल भिजल्यावर कोणी म्हणेल, 'दुर्दैवानें ताडपत्री घालायची राहिली,' तर त्यांत दैवाचा काय अपराध? तेथें 'ताडपत्री आम्हीं घातली नाहीं' हेंच खरें वाक्य.

सार्वजनिक व्यवहारांत या शब्दाचा आडोसा अधिकच घेतला जातो. रस्ता खचतो, औषध वेळेवर पोंचत नाहीं, मुलाचा अर्ज कोठेंतरी पडून राहतो, आणि उत्तर येतें, 'खेदपूर्वक कळविण्यांत येतें कीं...' कळवितो कोण? खेद कोणाला? वाक्यांत माणूसच नाहीं! ज्याच्या मुलाचें वर्ष वायां गेलें, त्याला असल्या बेवारशी खेदानें कसलें समाधान मिळणार? 'आमच्याकडून विलंब झाला, आम्हांस वाईट वाटतें,' एवढें लिहिलें असतें तर वर्ष परत मिळालें नसतें. पण आपलें नुकसान कोणी तरी जाणलें, एवढा दिलासा मिळाला असता.

इंग्रजी अवश्य शिकावें. हे चारही शब्द योग्य ठिकाणीं योजावे. फक्त लेखणी उचलण्यापूर्वीं दुःख कोणाला झालें आणि कृत्य कोणाचें, एवढें मनाशीं ठरवावें. कृत्य खरोखरच दैवाचें असेल, तर तसें लिहावें. आपलें असेल, तर दैवाला मध्यें न घालतां सरळ 'मीं' लिहावें. हा शब्द लहानसाच आहे, पण लिहितांना हात सर्वांत अधिक अडखळतो तो तेथेंच.