वाचनालयाचा पैसा कोणी द्यावा?
(गावच्या चावडीवर केलेले भाषण)



एकोणिसाव्या शतकात आपल्या हिंगणघाटचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात नावाने ओळखला जाई. तो पिकविणाऱ्याच्या घरी मात्र पुस्तक नव्हते. पुण्यास १८४८ साली नेटिव्ह जनरल लायब्ररी निघाली. अशा संस्था वर्गणीदारांच्या पैशावर चालत. ज्याची मजुरी संध्याकाळच्या ज्वारीतच संपते, त्याने वर्गणी कोठून आणावी?

याचे उत्तर श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांनी दिले. १९१० साली त्यांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बडोद्यास आणविले. गावाने वर्गणी जमवावी, तितकीच रक्कम सरकारने व तितकीच प्रांत पंचायतीने घालावी, असा नियम झाला. म्हणजे गावच्या एका रुपयाचे तीन! शिवाय लाकडी पेट्यांत पुस्तके भरून ती खेडोपाडी फिरविली. भाडे सरकारने सोसले.

आपल्या राज्यात १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे. त्यात अनुदान आहे, पण मद्रासच्या १९४८ च्या कायद्यासारखा ग्रंथालय कर नाही. तेव्हा अनुदान मिळेतो भार आपल्यावरच.

आमचे म्हणणे असे: कापूस विकला की जमेल त्याने रोख द्यावे. सुताराने फळ्या ठोकून द्याव्यात, त्या वर्गणीतच धराव्यात. संध्याकाळी पुस्तके देण्याघेण्याचे काम आम्हा मास्तरांकडे लागले. पण पुस्तक नेणाऱ्यास ‘पैसे भरलेस का?’ असे कोणी विचारू नये. हिशेब दरमहा येथेच मोठ्याने वाचावा. नाहीतर पैसा बड्यांच्या कपाटात जातो आणि पुस्तके वाळवीच्या पोटात!

यादी आजच लिहावयास घेतो. पहिले नाव कोणाचे?