वानरांची कादंबरी आणि नववीचा वर्ग



हनुमान जयंतीचा सुंठवडा खाऊन आपल्याला अजून पंधरा दिवसही झाले नाहीत. तेव्हा आज वानरांविषयी बोलणे अगदीच अवेळी होणार नाही, अशी आशा आहे. मी मराठीचा मास्तर. विज्ञान मी मॅट्रिकनंतर सोडले, किंवा खरे सांगायचे तर त्याने मला सोडले. असे असून पर्यावरणाच्या शिक्षणावर बोलायला मी उभा राहिलो आहे, याचे कारण एक कादंबरी आहे. आणि त्या कादंबरीपायी माझ्या हातून वर्गात झालेली एक चूकही आहे. दोन्हींची हकीकत सांगतो.

व्यंकटेश माडगूळकरांची 'सत्तांतर' ही लहानशी कादंबरी १९८२ साली प्रसिद्ध झाली आणि १९८३ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार तिला मिळाला. आपल्यापैकी पुष्कळांनी ती वाचली असेल. तिच्यातली पात्रे म्हणजे वानरे. लाल तोंडाची माकडे नव्हेत. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची वानरे. हा फरक आपण शहरातली माणसे नेहमी विसरतो म्हणून मुद्दाम सांगितला. टोळीवर एका नराची सत्ता असते, बाहेरचे नर ती हिसकावून घेतात, आणि या उलथापालथीत अंगावर पिणारी पिले मारली जातात. माडगूळकर हे रानात जाऊन तासन्‌तास बसणारे लेखक होते. नागझिऱ्याच्या अरण्यात राहून त्यांनी त्याच नावाचे पुस्तक लिहिले, हेही आपल्याला ठाऊक आहे. त्यामुळे या कादंबरीतली वानरे पंचतंत्रातल्यासारखी माणसांचे कपडे घालून आलेली नाहीत. ती वानरांसारखीच बसतात, पाला ओरबाडतात आणि दात विचकतात.

आता दुसरी बाजू. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एका निकालात सांगितले की, पर्यावरण हा विषय शाळाशाळांतून शिकवला गेलाच पाहिजे. निकाल उत्तम होता. पण त्याचे शाळेत काय होते ते मी पाहिले आहे. मुले कागदाच्या दुकानात जातात, वाघाचे, धुराड्याचे, तोडलेल्या झाडाचे छापील चित्र विकत आणतात, कापतात, वहीत डकवतात, आणि खाली सुवाच्य अक्षरात 'झाडे लावा' असे लिहितात. गुरुजी सही करतात. मीही शेकडो वह्यांवर तशी सही केली आहे. त्या वहीतला वाघ आणि किराणा मालाच्या कॅलेंडरावरचा वाघ यांत मुलाच्या दृष्टीने काही भेद नसतो.

आमच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एक बाई होत्या. एकदा मधल्या सुटीत चहा पिताना त्या मला म्हणाल्या, "सर, तुम्ही ती वानरांची कादंबरी नववीला वाचून दाखवता म्हणे. मी त्याच मुलांना डोंगरावर नेते. तुमच्या वानरांना माझी वानरे भेटू देत." अशी सुरुवात झाली. गावाबाहेरच्या डोंगरावर एक देऊळ आहे, देवळामागे चिंचेची आणि उंबराची झाडे आहेत, आणि तेथे वानरांची एक टोळी असते. मी शुक्रवारी कादंबरीची काही पाने वाचावीत, आणि शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर बाईंनी मुलांना डोंगरावर न्यावे, असा बेत ठरला.

पहिल्या शनिवारी मुले काही न पाहताच परत आली, म्हणजे वानरे खूप पाहिली, पण वहीत लिहिले ते 'वानरे उड्या मारत होती' एवढेच. बाईंनी दुसऱ्या शनिवारी एकच प्रश्न दिला: चालताना वानराची शेपटी कोणीकडे वळते? हसू नका. तापी-गोदावरीच्या उत्तरेकडच्या वानरांची शेपटी चालताना साधारणपणे पाठीवरून पुढे, डोक्याच्या दिशेने कमान करते आणि दक्षिणेकडच्यांची मागच्या बाजूला झुकते. प्राणिशास्त्रज्ञांनी हे नोंदवून ठेवले आहे. म्हणजे आपला महाराष्ट्र या शेपट्यांच्या सीमेवरच वसला आहे! मी पन्नाशी गाठेपर्यंत जन्मभर वानरे पाहिली होती, पण हे मला कोणी विचारले नव्हते. त्या दिवसापासून मुले पाहायला लागली. पिलू जन्मते तेव्हा ते आईसारखे राखी नसते, गडद काळपट असते आणि त्याचे तोंड मात्र फिकट गुलाबी असते, हे एका मुलाने पुस्तक न उघडता सांगितले. यात्रेकरूंनी फुटाणे टाकले की टोळीतली भांडणे वाढतात, हे दुसऱ्याने टिपले.

कादंबरी पिलांच्या हत्येपाशी आली तेव्हा वर्ग अगदी गप्प झाला. मी विचारले, "असे का झाले असेल?" एक हात ताबडतोब वर आला. "सर, माणसाने जंगल तोडले म्हणून." दुसराही म्हणाला, "हो सर, गर्दी झाली, खायला उरले नाही." मला मोठा आनंद झाला. साहित्य आणि पर्यावरण यांचा असा सुरेख संगम! फळ्यावर ते वाक्य लिहायला मी खडू उचलला देखील होता.

बाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनी विचारले, "हे तुला कशावरून कळले?"

मुलाला सांगता येईना, आणि खरे म्हणजे मलाही येत नव्हते. ते उत्तर आम्ही वानरांकडे पाहून दिले नव्हते. डकवलेल्या चित्राखालचे वाक्यच आम्ही वानरांना चिकटवले होते.

मग बाईंनी जो इतिहास सांगितला तो इतका रंजक आहे की, त्यासाठी मी आपली पाच मिनिटे अधिक घेणार आहे. १९५८ ते १९६० या काळात फिलिस जे नावाच्या अमेरिकन बाई उत्तर आणि मध्य भारतात वानरांमागे हिंडल्या. त्यांना दिसलेली वानरे एकंदरीत शांत, गुण्यागोविंदाने राहणारी होती. त्यानंतर थोड्याच वर्षांत सुगियामा नावाचे जपानी संशोधक आपल्या शेजारच्या धारवाडला आले. त्यांनी बाहेरच्या नरांनी टोळी जिंकल्यावर पिले मारली गेल्याचे पाहिले आणि लिहिले. पुढे जोधपूरकडे मोहनोत यांनाही तसेच आढळले. प्राणी एकच, पण निरीक्षणे परस्परविरुद्ध. तेव्हा जाणते लोकही आमच्या नववीतल्या मुलासारखेच म्हणाले, की ही गर्दीमुळे आलेली विकृती असली पाहिजे. सारा हर्डी या तरुण संशोधिका १९७१ साली अबूच्या पहाडावर आल्या त्या हीच समजूत घेऊन. पण तेथे काही हंगाम घालवल्यावर त्यांनी ती सोडून दिली. अबूला एका नराची सत्ता सरासरी दोन-सव्वादोन वर्षे टिकते, असे त्यांना दिसले. अंगावर पाजणारी मादी लवकर पुन्हा गाभण राहत नाही. पिलू गेले की राहते. नव्या नराला मिळणारी मुदत थोडी. १९७७ साली त्यांचे पुस्तक आले आणि मोठा वाद माजला. फिलिस बाईंनी, आता त्यांचे आडनाव बदलले होते, कडाडून विरोध केला. तो वाद वीस वर्षे धुमसत होता. शेवटी नेपाळातल्या रामनगरच्या रानातील वानरांची विष्ठा गोळा करून, तिच्यातल्या डीएनएवरून बाप कोण ते ठरवले गेले. पिलांवर हल्ला करणारे नर त्या पिलांचे बाप नव्हते, हे १९९९ साली प्रसिद्ध झाले.

म्हणजे मुलाचे उत्तर हास्यास्पद मुळीच नव्हते. विद्वानांनी ते गंभीरपणे मांडले होते, आणि डोंगरावर बसून, मोजून, त्यांपैकी एकीने ते मागे घेतले. जंगल तुटते हे खरेच आहे, त्याने वानरांचे हाल होतात हेही खरे आहे. पण प्रत्येक प्रश्नाला तेच उत्तर देणारे मूल निसर्गाविषयी काही शिकले, असे मला म्हणवत नाही. मी खडू खाली ठेवला.

याच सुमारास एक वृद्ध गृहस्थ शाळेत आले. त्यांचा नातू त्या वर्गात होता. म्हणाले, "मास्तर, दर शनिवारी मी मारुतीला तेल घालतो, आणि नातू घरी येऊन सांगतो की वानरं पोरं मारतात. हे काय शिकवता?" मला काही सुचले नाही, मी त्यांच्या हाती कादंबरीच ठेवली. आठवड्याने ती परत देताना ते म्हणाले, "आमच्या मळ्यात मी एक पाहिलं होतं. मेलेलं पिल्लू आई दोन दिवस पोटाशी धरून हिंडत होती. कुणाला बोललो नव्हतो." नातवाला त्यांनी पुढे डोंगरावर जाऊ दिले.

आता माझ्या चुकीकडे येतो. 'सत्तांतर' हे नावच असे आहे की, मराठीच्या मास्तराला मोह आवरत नाही. मी वर्गात म्हणालो होतो, "मुलांनो, ही वानरे म्हणजे आपला आरसा आहे." मुलांनी लगेच पुढाऱ्यांची नावे घेतली, हशा झाला, मीही हसलो. साम्य दाखवणे हा आमचा धंदाच आहे. त्या वर्गात एक मुलगी होती. तिचे वडील वारले होते आणि आईने दुसरे लग्न केले होते. मधल्या सुटीत एक मुलगा तिला त्या कादंबरीवरून काहीतरी बोलला. काय बोलला ते मी येथे सांगणार नाही. आपल्याला कल्पना येईल. ती दोन दिवस शाळेत आली नाही. मुलाला शिक्षा झाली, पण आरसा त्याच्या हाती मीच दिला होता.

ती परत आली त्या दिवशी बाईंनी माझा तास मागून घेतला. मुलीचे नाव नाही, प्रसंगाचा उल्लेख नाही. त्यांनी विचारले, "पिलू कोणाचे हे त्या नराला ठाऊक असते का?" नसते. तो हिशेब करत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांची संतती उरली त्यांची वागणूक उरली, इतकेच. "मग रानात घडते ते का घडते हे आपण शोधायचे. तसे घडावे असे रान आपल्याला सांगत नाही." आणि मग एकदम, "कर्णाला कोणी वाढवले?" वर्ग म्हणाला, अधिरथाने, राधेने. "आणि तो स्वतःला काय म्हणवून घेई?" राधेय, असे मागून कोणीतरी म्हणाले. ती मुलगी काही बोलली नाही.

पुढच्या शनिवारी मीही डोंगरावर गेलो. टोळीत नुकतेच जन्मलेले एक पिलू होते. ती मुलगी इतरांपासून दूर एका खडकावर वही घेऊन बसली होती. वानरांत एक रीत आहे, नवजात पिलू आईकडून दुसऱ्या माद्या घेतात आणि हातोहाती फिरवतात. सोमवारी तिची वही मी पाहिली. वर 'सकाळी दहा ते अकरा' असे लिहून तिने मिनिटे मांडली होती. त्या तासात पिलू सहा माद्यांकडे गेले, आईकडे दोनदाच आले. एकीने त्याला नीट धरले नाही, दुसरीने काढून घेतले. शेरा काहीच नव्हता.

बाईंनी खाली लाल शाईने विचारले होते, "सहा जणी वेगवेगळ्या, हे कशावरून ठरवलेस?" आठवड्याने त्याच्याखाली उत्तर आले: एकीचा डावा कान फाटका आहे, एकीची शेपटी टोकाला तुटलेली, एक म्हातारी, एकीच्या भुवईवर पांढरा डाग, एक लंगडते. सहावी मला नीट ओळखता आली नाही, ती कदाचित पहिलीच असेल.